साहेब येणार आहेत

पाहुणे दोन तऱ्हेचे. सांगून येणारे आणि न सांगता येणारे. पोस्टाच्या तपासणीला येणारा साहेब या दोन्हींत बसत नाही. तो अचानक येणार असतो, आणि त्याचं अचानक येणं गावाला आठवडाभर आधी ठाऊक असतं. ठाऊक कसं होतं, हे विचारायचं नसतं. सब-ऑफिसातून रोज जी थैली सुटते तिच्या तोंडाला लाखेचं सील असतं. ती वाहून आणणाऱ्याच्या तोंडाला नसतं. थैलीतल्या पत्राला एखादे वेळी उशीर होईल. "साहेब निघालेत" या बातमीला उशीर झाल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

माझे एक मामा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात ब्रँच पोस्टमास्तर होते, त्यामुळे हा सण मला लहानपणापासून माहीत आहे. गणपती, शिमगा आणि इन्स्पेक्शन. पहिल्या दोन सणांना मुंबईहून चाकरमानी यायचे, तिसऱ्याला साहेब. भिंतींना चुना मात्र तिसऱ्यालाच लागायचा.

ज्यांनी पोस्ट म्हणजे मुंबईचं जीपीओ एवढंच पाहिलंय, तो विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा १९१३ सालचा घुमट आणि त्याखालचा भला थोरला गोल दिवाणखाना, त्यांना ब्रँच पोस्ट काय असतं ते सांगायला हवं. हेड, सब आणि ब्रँच अशी पोस्टाची उतरंड आहे. देशात दीड लाखाच्या वर पोस्टं, त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत, आणि खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुधा ब्रँच. ब्रँचचा पोस्टमास्तर सरकारी असतो आणि नसतोही. तो ग्रामीण डाक सेवक. दिवसाला चार-पाच तासांचं काम. त्याबद्दल जे मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, भत्ता म्हणायचं. त्या भत्त्याचं नाव चार इंग्रजी शब्दांचं आहे आणि मामांना ते शेवटपर्यंत एका दमात म्हणता आलं नाही. खरी गंमत पुढेच आहे. पोस्टासाठी जागा त्या पोस्टमास्तरानेच द्यायची. म्हणजे भारत सरकारचं कार्यालय मामांच्या पडवीत.

आता अशा कार्यालयाच्या इमारतीची तपासणी कशी होत असेल याची कल्पना करा. साहेबांच्या प्रश्नावलीत जागेबद्दलचे प्रश्न असायचेच. जागा लोकांना सोयीची आहे काय? पाटी दर्शनी भागी लावली आहे काय? रोकड ठेवायची लोखंडी पेटी पक्की बसवली आहे काय? प्रश्न सरकारचे, पण उत्तरं मामीच्या हातात. पडवीच्या एका अंगाला टेबल, तराजू, शिक्के आणि शाईची गादी. दुसऱ्या अंगाला वाळत घातलेली आमसुलं, पायलीभर कुळीथ आणि त्यावर डोळा ठेवून बसलेली कोंबडी. सरकारी हद्द कुठे संपते आणि घरगुती कुठे सुरू होते हे कोंबडीला कोणी समजावून दिलेलं नव्हतं. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी आमसुलं माडीवर जायची, कोंबडी शेजाऱ्यांकडे जायची आणि पडवीला एक दिवसापुरती शासकीय कळा यायची.

एके वर्षी साहेबांनी शेरा लिहिला की छपरातून पाणी गळत असून दप्तर भिजण्याचा संभव आहे, तरी तातडीने दुरुस्ती व्हावी. मामी चहा घेऊन आली होती. तिनं तो शेरा मामांकडून मोठ्यांदा वाचून घेतला आणि म्हणाली, "साहेब, हे कागदावर लिहिलंत ते फार बरं केलंत. मी ह्यांना केव्हापासून हेच सांगतेय, पण माझ्याकडे शिक्का नाही." त्या पावसाळ्याआधी घर शाकारलं गेलं. सरकारी तपासणीमुळे प्रत्यक्ष सुधारणा झाल्याचं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण आहे. कौलांचा खर्च मामांचा.

पण इमारत वगैरे नंतर. साहेब आला की पहिलं काम मोजदाद. पायावर पाणी घेण्याआधी पेटी उघडायची. नोटा, नाणी, तिकिटं, आंतर्देशीय पत्रं, पोस्टकार्डं, सगळं मोजून हिशेबाशी ताळा घ्यायचा. रोकड कमी भरली तर गुन्हा, हे कुणालाही समजेल. रोकड जास्त भरली तरी विचारणा होते, हे समजायला मात्र सरकारी नोकरीच करायला हवी. मामांच्या पेटीत एकदा सव्वा रुपया जास्त निघाला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मास्तर, हा कुठला?"

मामा घामाघूम. त्यांनी वही उलटून पाहिली, सुलटून पाहिली. अखेर मामीच दारातून म्हणाली, "अहो, तो देवाचा. तपासणी सुखरूप पार पडू दे म्हणून काढून ठेवला होतात ना काल?"

सव्वा रुपया रीतसर सरकारजमा झाला. देवाला दुसरा काढावा लागला. हिशेबनिसांना सांगायला हरकत नाही की दुसरा सव्वा रुपया मामांनी स्वतःच्या खिशातून आणि पेटीपासून पुष्कळ लांब उभं राहून काढला.

मोजदाद झाली की वह्या. पोस्टात किती वह्या असाव्यात? ज्या खात्यात रोज शिक्क्याची तारीख बदलली की त्याचा ठसा एका वहीत उमटवून ठेवतात, तिथे हा प्रश्नच गैर आहे. साहेबांच्या भेटीचे शेरे लिहायला एक वही, चुका लिहायला एक वही. आणि सगळ्यांत सुंदर तो पहिला प्रश्न: मागील तपासणीतील शेऱ्यांची पूर्तता झाली आहे काय? याचं उत्तर "होय" असंच द्यायचं असतं. मग त्याच वहीत, तोच शेरा, त्याच शब्दांत, नव्या तारखेनं पुन्हा पडतो आणि पुढच्या वर्षी त्याचीही पूर्तता होते. मामांच्या वहीत "टपालपेटीस रंग देणे" हा शेरा ज्या सातत्यानं येत होता, तेवढ्या सातत्यानं त्यांचा भत्ता आला असता तर मामीला आमसुलं विकावी लागली नसती.

टपालपेटी वडाच्या झाडाला टांगलेली. तिच्या तोंडाशी एक छोटी पट्टी असते, पुढची डाक किती वाजता निघणार ते सांगणारी. डाक काढली की पट्टी बदलायची, असा नियम. साहेब हटकून पेटीशी जाऊन घड्याळ आणि पट्टी ताडून पाहायचे. पट्टी बरोबर असायची. पेटीत पत्र नसायचं, पण कुंभारमाशीनं मातीचं सुबक घरटं केलेलं असायचं, आणि त्याला तिकीट लावलेलं नसल्यामुळे त्याचं काय करायचं ते नियमात सापडायचं नाही. आता शहरांतल्या पेट्यांत बारकोड चिकटवतात; पेटी उघडल्याशिवाय तो सापडत नाही आणि मोबाईलवर टिपल्याशिवाय डाक काढली असं धरत नाहीत. म्हणजे पोस्टमननं पेटी उघडली की नाही हे आता यंत्राला कळतं. पेटीत कोणी पत्र टाकलं की नाही, हे अजून कुंभारमाशीलाच ठाऊक.

यानंतरचा भाग मला फार आवडायचा, कारण त्यात साहेब गावात फिरायचे आणि आम्ही पोरं मागून. मागच्या काळात वाटलेल्या मनीऑर्डरी खरोखर पोचल्या का, हे ज्याला मिळाल्या त्याच्याच तोंडून ऐकायचं, अशी पद्धत. कोकण तेव्हा मनीऑर्डरीवर जगायचं. गिरणीतला मुलगा गावी पैसे धाडायचा आणि फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी जी चार बोटं जागा असायची तीत आपलं सगळं काळीज बसवायचा. मामा पैसे मोजून द्यायचे आणि निरोप वाचून दाखवायचे.

तर साहेब एका म्हातारीच्या खळ्यात उभे राहिले. शेजारी मामा, चेहरा आरोपीचा.

"आजी, मनीऑर्डर मिळाली?"

"गावली."

"पैसे पुरते मिळाले? मास्तरांनी काही ठेवून नाही ना घेतलं?"

"पैसं पुरतं गावलं." म्हातारीनं मामांकडे एकदा रोखून पाहिलं. "पन सायेब, माजा पोर येवडंच कसा लिवील? पैसं पाटवलं, तब्बेत संबाळ, बास? मास्तरांनी मदलं काय तरी गाळलान."

साहेबांची पंचाईत झाली. रुपये कमी दिले असते तर त्याला कलम होतं. शब्द कमी वाचले तर काय करायचं? त्यांनी फॉर्मचा तो तुकडा मागितला. म्हातारीनं तो देवाच्या फळीवरून काढून आणला. साहेबांनी चष्मा सावरून सावकाश, एकेका अक्षरावर थांबत, सगळा निरोप मोठ्यांदा वाचला. तेवढाच होता. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी मास्तरांपरास बरा वाचतंव. आनकी यकदा वाचा." साहेबांनी आणखी एकदा वाचला. त्या वर्षीच्या अहवालात या कामाचा उल्लेख आला नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

खात्याची आणखी एक परीक्षा असते, चाचणीपत्राची. साहेब लोक एका गावी एक पत्र टाकतात आणि ते दुसऱ्या गावी किती दिवसांत पोचतं ते पाहतात. कल्पना बिनतोड. फक्त ते पत्र इतर पत्रांत मिसळलं पाहिजे. मामांच्या म्हणण्याप्रमाणे चाचणीपत्र हातात घेतलं की कळायचं. पिनकोडचे सहाही आकडे सहा चौकोनांत नीट बसलेले, तिकीट उजव्या कोपऱ्यात सरळ चिकटवलेलं, पत्ता मोत्यासारख्या अक्षरांत. "एवढं शहाण्यासारखं पत्र आपल्या गावाला दुसरं कोण लिहिणार?" असं पत्र थैलीतून निघालं की पोस्टमन जेवायचा थांबून सायकल काढायचा. मग अहवालात सरासरी उत्तम यायची. परदेशांत यावर तोड म्हणून चाचणीच्या पाकिटात रेडिओ लहरींनी ओळखू येणारी चकती घालतात. टपालघराच्या दारातून पाकीट गेलं की आपोआप नोंद होते. तो उपाय मामांना आवडला नसता. पत्रावर विश्वास नाही म्हणून पत्रातच पहारेकरी बसवायचा, हे त्यांना शिष्टाचाराला सोडून वाटलं असतं.

पिनकोडचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण मराठी माणसाला हे माहीत नसतं याचं मला नेहमी वाईट वाटतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही आकड्यांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. कोकणातले, टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि त्याहून बडे संस्कृत कवी. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या आणि आपल्या लोकांचं अक्षर या तिन्हींवर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. महाराष्ट्र आणि गोवा यांचा पहिला आकडा ४. संस्कृतात लिहिणाऱ्या माणसालाच लोकांच्या अक्षरावर अवलंबून राहायचं नाही ही बुद्धी व्हावी, यात मला काहीच नवल वाटत नाही.

टपालाच्या तपासनिसांमध्ये साहित्यिक निघायचे ही परंपरा आणखी जुनी आहे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हा पोस्टाचाच इन्स्पेक्टर. १८४१ साली तो आयर्लंडला सर्व्हेयरचा कारकून म्हणून गेला आणि १८५१ पासून इंग्लंडच्या पश्चिम भागात खेडोपाडी टपाल कसं वाटावं याची आखणी करत घोड्यावरून हिंडला. त्याला मैलामागे सहा पेन्स भत्ता होता. भत्ता मैलावर असला की साहेबांचा कामाचा उत्साह कसा वाढतो हे आपल्याकडच्या प्रवासबिलं भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पोस्टमनला दिवसाला सोळा मैलांहून जास्त चालवायचं नाही असा नियम होता, म्हणून ट्रॉलप आडवाटेनं, शेतांमधून, कुंपणं ओलांडत अंतर मोजायचा. म्हणजे सोळा मैलांत आणखी दोन गावं बसवता येत. स्वतः घोड्यावर बसून दुसऱ्याच्या पायांसाठी जवळची वाट शोधणं, ही तपासणीची सर्वांत शुद्ध पद्धत म्हणावी लागेल. आपण त्या लोकांवर थोडा अन्याय केला असेल, अशी कबुली त्यानं पुढे आत्मचरित्रात दिली आहे. कबुली देईपर्यंत ते पोस्टमन चालून चालून निवृत्त झाले असणार. शिकारीच्या लाल कोटात तो एखाद्या खेड्यातल्या घरात शिरायचा आणि घाबरलेल्या बायकांना विचारायचा, तुमची पत्रं किती वाजता येतात, पोस्टमन वरती काही पैसे मागतो का? आमच्या साहेबांचा कोट लाल नव्हता, एवढाच फरक.

अमेरिकेत हा सण बारमाही आहे. तिथल्या टपाल सेवेवर नजर ठेवायला १९९६ पासून महानिरीक्षकाचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचायला मोकळे असतात. मी ते वाचतो. लोक रहस्यकथा वाचतात, माझी आवड ही. गोष्ट प्रत्येक वेळी अशी. पथक सकाळी सकाळी एखाद्या वाटप केंद्रावर पोचतं. पोस्टमन गाड्या घेऊन बाहेर पडले की मागे काय उरलं ते पाहायचं. उरलेल्या पत्रांचा ढीग एकेक करून मोजत नाहीत. ढिगाची लांबी मापतात आणि इतक्या इंचांना इतकी पत्रं असं कोष्टक आहे त्यावरून आकडा काढतात. उशीर फूटपट्टीनं मोजणारं दुसरं खातं माझ्या माहितीत नाही.

मग पार्सलं. पार्सल दारात पोचलं की पोस्टमन यंत्रानं नोंद करतो. यंत्र नोंदीबरोबर जागाही टिपतं. पथक पाहतं तर "घरपोच दिलं" अशी नोंद झालेली, आणि ही नोंद झाली कुठे? पोस्टातच. पार्सल तिथेच फळीवर बसलेलं. वेदान्तात याला उत्तर आहे, पण ऑडिटमध्ये नाही.

मग किल्ल्या. मोहल्ल्यातल्या सगळ्या टपालपेट्या आणि इमारतींचे सामायिक कप्पे उघडणारी एकच किल्ली पोस्टमनकडे असते. चोर तिच्यासाठी पोस्टमनवर हल्ले करतात. म्हणून रोज सकाळी सही घेऊन द्यायची, संध्याकाळी सही करून परत घ्यायची. पथक यादी मागतं. यादीतल्या किल्ल्या कपाटात नसतात आणि कपाटातल्या यादीत नसतात. किल्ल्या हरवल्या म्हणजे चिंता करायची हे ठीक, पण जास्त सापडल्या की काय करायचं? मला एकदम मामांचा सव्वा रुपया आठवतो.

आणि शेवटी इमारत. छताच्या पट्ट्यांवर ओलीचे डाग. बाहेर जायच्या दारासमोर ट्रॉली. विजेच्या पेटीपुढे खोकी. अग्निशामक नळकांड्याची दरमहा तपासणी झाल्याची सही नाही. सोबत फोटो. मी इतक्या अहवालांत तो अग्निशामक पाहिला आहे की त्याची आणि माझी तोंडओळख झाली आहे. अखेरच्या पानावर व्यवस्थापनाचं उत्तर: शिफारशी मान्य. काही शहरांच्या अहवालांत मागचा धडा उघडून पाहिला तर त्यातही मान्यच. "होय, पूर्तता केली" हे अमेरिकन इंग्रजीत असंच म्हणतात.

इंग्लंडनं तर याला पैशाचं रूप दिलं आहे. तिथल्या नियामकानं, ऑफकॉमनं, पत्रं वेळेत पोचवली नाहीत म्हणून रॉयल मेलला २०२३ साली ५६ लाख पौंड, २०२४ साली १ कोटी ५ लाख आणि २०२५ साली २ कोटी १० लाख पौंड दंड केला. दरवर्षी जवळपास दुप्पट. इतक्या वेगानं तिथलं पत्र गेलं असतं तर दंडाची वेळ आली नसती. आणि दंडाचे पैसे जातात सरकारी तिजोरीत. ज्याच्या पत्राला उशीर झाला त्याला त्यातला एक पेनी मिळत नाही.

आपल्याकडे इन्स्पेक्टराच्याही वर नियंत्रक आणि महालेखापरीक्षक आहेत, म्हणजे कॅग. त्यांच्याकडे टपालाचं लेखापरीक्षण पाहणारी मंडळी आहेत. त्यांचा अहवाल संसदेपुढे जातो. त्यांची भाषा मला राजस वाटते. खात्याचं उत्तर पटलं नाही की ते "उत्तर ग्राह्य नाही" असं लिहितात, आणि उत्तरच आलं नाही की "उत्तर प्रतीक्षेत आहे". टपाल खात्याकडून यायचं टपाल प्रतीक्षेत, यावर विनोद करायचं मी टाळतो, कारण तो त्यांनीच करून ठेवला आहे.

तपासणी म्हटलं की गोगोलच्या नाटकाची आठवण काढायची रीत आहे, पुलंनी ते 'अंमलदार' म्हणून मराठीत आणलं. सगळं गाव एका तोतयाला इन्स्पेक्टर समजून लाच देतं, हे सर्वांच्या लक्षात राहतं. तो तोतया आहे हे उघडकीला कसं येतं? पोस्टमास्तर त्याचं पत्र फोडून वाचतो म्हणून. अखिल जगाच्या वाङ्मयात तपासनिसाची तपासणी एकाच खात्यानं केली आणि ते खातं पोस्टाचं. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना अभिमान वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "सील नीट लावलं का परत?"

मामांच्या आणि अमेरिकेच्या वह्या मनातल्या मनात शेजारी ठेवल्या की माझं एक मत होतं. तपासनीस आळशी नसतो, बेइमान तर बहुधा नसतोच. तो जे दुरुस्त करून घेता येईल ते शोधतो, कारण वर्षअखेर त्यालाही पूर्तता दाखवायची असते. पेटीला रंग देता येतो. अग्निशामकावर सही करता येते. किल्ल्यांची यादी पुन्हा लिहिता येते. पण पत्रं मागे का राहिली, तर वाटायला माणूस नाही, दोघांचं काम एकटा करतो, हे लिहिलं तरी ते दुरुस्त करायचं कोणी? ते त्या पोस्टमास्तराच्या हातात नाही आणि साहेबाच्याही नाही. म्हणून ते अहवालात एक ओळ घेतं आणि अग्निशामक फोटोसकट पाऊण पान घेतो. आमच्या गावच्या पोस्टमनकडे चार वाड्या, मधे दोन वहाळ आणि एक डोंगर. पावसाळ्यात साकव वाहून गेला की पलीकडच्या वाडीची डाक अलीकडे. यावर साहेबांचा शेरा मी पाहिलेला आहे: "वाटप वेळेत करावे." खाली मामांची पूर्तता: "सूचना नोंदली." साकव पुढे ग्रामपंचायतीनं बांधला. तिचा पोस्टाच्या तपासणीशी संबंध नव्हता.

आता मामांच्या जागी दुसरे आहेत आणि पडवीही दुसरी. २०१७ नंतर ब्रँचांच्या हातात छोटी यंत्रं आली, पावती यंत्रातून निघते, हिशेब आपोआप वर जातो. रेंज मिळावी म्हणून मास्तर यंत्र घेऊन खळ्याच्या टोकाला उभे राहतात, तेवढाच व्यायाम. २०२५ साली रजिस्टर पत्रही स्पीड पोस्टात विलीन झालं. "रजिस्टरनं पाठवलंय" या वाक्यात जो दरारा होता तो "स्पीडनं पाठवलंय" यात नाही, पण वकिलांना आणि घरमालकांना त्याची सवय होईल. तपासणी चालूच आहे. ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. त्या निमित्तानं वर्षातून एकदा कोणी तरी वरून येऊन म्हातारीला विचारतं की पैसे मिळाले का, आणि असा प्रश्न तिला दुसऱ्या कुठल्या खात्यानं विचारल्याचं मला आठवत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. पोस्टाला उशीर होतो अशी तक्रार करण्याआधी स्वतः एकदा चाचणी घ्या. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. त्यावर आजची तारीख घाला, स्वतःलाच चार ओळी लिहा, जरा सढळपणे लिहा, म्हणजे मास्तरांवर मधलं गाळल्याचा आळ येणार नाही, आणि दूरच्या गावच्या पेटीत टाका. अक्षर बेताचंच असू द्या, नाही तर पोस्टमनला संशय येईल. पिनकोड मात्र सहाही आकडे लिहा. पहिलाच शेरा तुमच्यावर पडायला नको.